प्लास्टर घातलेलं मूल घरी आल्यावर



या पानावर आपण एरवी डिझेल, बर्फ, बंदीच्या तारखा आणि अनुदानाचे अर्ज याबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे. गेल्या वर्षभरात आपल्या सभासदांच्या चार घरांत लहान मुलांची हाडांची ऑपरेशनं झाली. दोन मुलगे कोपर मोडून, एक मुलगी मांडीचं हाड मोडून, आणि एक तान्हं बाळ जन्मापासून पाऊल वाकडं असलेलं. ऑपरेशनला तास-दीड तास लागला. त्यानंतरचे सहा-आठ आठवडे आई, आजी, मावशीने काढले, कुठे कुठे बापानेही. त्या आठवड्यांत घरात नेमकं काय करायचं, हे त्यांना ठेच लागूनच कळलं. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत असतो, ओपीडीत मागे पन्नास माणसं उभी असतात, आणि आई तेव्हा इतकी घाबरलेली असते की डॉक्टरने सांगितलेलं अर्धं डोक्यावरून जातं.

आम्ही चारही घरांत जाऊन बसलो, त्यांचं ऐकलं, वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून समजून घेतला. नावं लिहीत नाही. वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहेतच.

पहिले दोन दिवस बोटांकडे बघा

मे महिन्यात शाळा बंद, झाडाला आंबे-काजू, आणि जेटीवर ओलं शेवाळ. पाच ते सात-आठ वर्षांची मुलं हात टेकून पडतात आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. मुलांच्या कोपराची ही सर्वांत जास्त दिसणारी मोड आहे. हाड सरकलेलं असेल तर भूल देऊन ते जागेवर बसवतात, बाहेरून दोन-तीन बारीक तारा घालतात आणि वर प्लास्टर चढवतात.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस सर्वांत जोखमीचे. आत सूज वाढत असते, वर प्लास्टर घट्ट, आणि मध्ये रक्ताची नस व स्नायू दाबले जातात. म्हणून जागेपणी दर तासाला, रात्री दोन-तीन तासांनी उठून बोटं बघायची. रंग गुलाबी आहे का, हाताला गरम लागतात का, मूल ती हलवतंय का, स्पर्श कळतोय का. नख दाबून सोडलं की पांढरं होतं आणि दोन सेकंदांत परत लाल व्हायला हवं. दुसऱ्या हाताच्या बोटांशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं कोपरापेक्षा वर.

आता महत्त्वाचं. औषध देऊनही दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, मूल घाबरंघुबरं झालं, कशानेच शांत होत नाही, आणि आपण हळूच बोट सरळ केलं तर किंचाळतं, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. बोटं गुलाबी दिसतायत म्हणूनही थांबू नका, कारण रंग बदलेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. दाबलेला स्नायू काही तासांतच मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. हॉस्पिटलात गेलात आणि काही निघालं नाही, तर निघालं नाही. डॉक्टर रागावले तर रागावू देत. त्या दोन मुलांपैकी एकाच्या आईने रात्री दीड वाजता शेजारचा मासळीचा टेंपो काढायला लावला. बांबोळीला प्लास्टर उभं चिरून सैल केलं, पंधरा मिनिटांत पोर झोपलं. त्या टेंपोला मासळीचा वास येत होता, एवढीच तक्रार. घरी मात्र प्लास्टर आपल्या हाताने कापायला जाऊ नका, ते तिथेच कापायचं.

हाडवैद्याविषयी स्पष्ट बोलू

हा भाग लिहावा की नाही, यावर आमच्या कार्यकारिणीत वाद झाला. काही ज्येष्ठ सभासद म्हणाले, आमच्या आजोबांची हाडं हाडवैद्यानेच बसवली. बसवली असतील. मुरगळलेला घोटा आणि साधी चीर कोणीही न बसवता बरी होते, नाव मात्र वैद्याचं होतं. पण मुलाचं कोपर ही वेगळी गोष्ट आहे. तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा हाडाला चिकटून जातात. त्यावर बांबूच्या कांब्या लावून कापड घट्ट आवळलं, की प्लास्टरने होतं तेच होतं, फक्त ते सैल करायला कोणी नसतं.

शेजारच्या गावातला एक मुलगा आम्हाला माहीत आहे. सहा वर्षांचा असताना पडला, कांब्या बांधल्या, दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी रडायचा थांबला. घरच्यांना वाटलं गुण आला. आज तो सतरा वर्षांचा आहे. उजव्या हाताची बोटं आत वळलेली आहेत, त्याला जाळ्याची गाठ मारता येत नाही. होडीवर जातो, पण बर्फ फोडायला. हे त्याच्या वडिलांनीच आम्हाला लिहायला सांगितलं.

तारा काढल्यानंतरचं मालीशही तसंच. प्लास्टर निघालं की कोपर ताठ असतं, पुरतं वाकत नाही, सरळ होत नाही. आजी तेल गरम करते, कोणीतरी हात ओढून सरळ करायला बघतं. हे करू नका. जोर लावला तर स्नायूत नको तिथे हाड धरू शकतं आणि कोपर कायमचं अडतं. मुलाचं कोपर खेळता-खेळता, जेवता-जेवता आपणच सुटतं. काही आठवडे लागतात, कधी काही महिने. डॉक्टरने व्यायाम सांगितला असेल तर तेवढाच, तोही मुलाने स्वतः करायचा.

तारांबद्दल आणखी एक. त्यांची टोकं कातडीबाहेर असतात, प्लास्टरखाली. साधारण तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. तोवर खाडीत उडी, समुद्रात आंघोळ, पावसात भिजणं सगळं बंद. आपली पोरं पाण्याबाहेर राहत नाहीत हे माहीत आहे. पण तारेच्या वाटेने घाण आत गेली तर ती थेट हाडापर्यंत जाते. ताप आला, प्लास्टरमधून घाण वास आला, डाग पडला किंवा पाणी गळायला लागलं, तर तारखेची वाट न बघता दाखवा.

कमरेपासून खाली प्लास्टर असलं तर

सर्वांत कठीण काम त्या मुलीच्या घरचं होतं. चार वर्षांची बाय, ऐन हंगामात, सप्टेंबरमध्ये स्कूटरवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. या वयात बहुतेक वेळा सळई न घालता भूल देऊन हाड बसवतात आणि पोटापासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. डॉक्टर त्याला स्पायका म्हणतात. मोडलेला पाय खालपर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय फाकलेले, मध्ये शी-शूची जागा मोकळी. चार ते सहा, कधी आठ आठवडे. पाच-सहा वर्षांवरच्या मुलांना बहुधा आत लवचीक सळया घालतात, त्यांचं तसं सोपं जातं.

आईने पहिल्यांदा तिला तसं बघितलं तेव्हा ती वॉर्डाबाहेर जाऊन बसली. घरी कसं न्यायचं हाच पहिला प्रश्न. पाय फाकलेलं मूल रिक्षात मावत नाही, स्कूटरवर तर विचारच नको. मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून, पट्ट्याने नीट धरून न्यावं लागतं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच गाडी ठरवा.

प्लास्टर साधं पांढरं असेल तर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर बोटांनी दाबून उचलू नका, खड्डा पडतो आणि तो आत टोचतो. तळहातांवर उचला, पंखा सुरू ठेवा. काही प्लास्टरात दोन पायांच्या मध्ये काठी असते. ती हँडल दिसते, पण तिला धरून उचलायचं नाही, कुशीवरही वळवायचं नाही. मोडली तर प्लास्टर पुन्हा, म्हणजे भूलही पुन्हा.

शू-शीचं काम या सगळ्यात मोठं. डायपर वापरणारं मूल असेल तर दोन डायपर लागतात. लहान आकाराचा मोकळ्या जागेतून प्लास्टरच्या कडेखाली आत सरकवायचा, आणि त्यावर मोठा, बाहेरून बांधायचा. लहानाने ओल शोषायची, मोठ्याने त्याला जागेवर धरायचं. दिवसा दोन तासांनी बघायचं, रात्रीही उठायचं, कारण एकदा शू प्लास्टरच्या कापसात मुरली की वास जात नाही आणि खाली कातडी सोलते. झोपवताना डोकं-छाती कमरेपेक्षा थोडी वर ठेवली, तर शू मागे पाठीकडे वाहत नाही. प्लास्टरच्या कडांना चिकटपट्टीचे तुकडे पाकळ्यांसारखे आतून बाहेर दुमडून लावले की कड घासत नाही. मोठ्या मुलासाठी चपटं बेडपॅन चालतं.

दिवसा दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. पालथं घातलं तर पायाची बोटं गादीत रुतू नयेत म्हणून पावलं गादीच्या कडेबाहेर सोडायची, उताणं असताना टाच टेकू द्यायची नाही, पोटरीखाली घडी घालायची. बायच्या आजीने जुनं मऊ नायलॉनचं जाळं धुऊन गोणपाटात भरलं, वर चादर शिवली. अशा चार उशा केल्या, लांब, आखूड, हव्या तशा. बाजारातल्या उशा दबतात, जाळं दबत नाही आणि वारा खेळतो. नर्सनेही बघून मान डोलावली. आजोबांनी फळीला चार चाकं लावली, वर गोधडी. पाचव्या दिवसापासून बाय पालथी पडून हातांनी ढकलत ओसरीभर फिरायला लागली. सोबत कोणीतरी हवंच, पायरीजवळ तर नक्कीच. पण त्या फळीने घर वाचवलं असं तिची आई म्हणते. तोवर पोर दिवसभर छपराकडे बघून रडत होतं.

उचलताना दोन माणसं हवीत. मूल आणि प्लास्टर मिळून वजन बरंच होतं आणि पकड विचित्र असते. गुडघ्यात वाकून उचला, कमरेत नव्हे. मासळीची टोपली डोक्यावर घेणाऱ्या बायांना वाटतं आपल्याला काय वजनाचं, पण तिसऱ्या आठवड्यात आईची कंबर धरली आणि मग दोघींना सांभाळायची पाळी आजीवर आली.

खाज, दुखणं, झोप

खाज सगळ्यांनाच सुटते. एकाने जाळं शिवायची सुई आत घातली, नशीब वेळेत पकडला. पट्टी, काडी, विणायची सुई काहीच नको. आत जखम झाली तर बाहेरून दिसतही नाही. पावडर आणि खोबरेल तेलही नको. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून कडेतून वारा घालायचा, प्लास्टरवर बाहेरून टकटक करायचं, किंवा दुसऱ्या हाता-पायाची तीच जागा खाजवायची. हसू येईल, पण उपयोग होतो.

दुखण्याचं औषध मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून मोठ्यांची अर्धी गोळी मोडून देऊ नका, ॲस्पिरिन तर मुलांना नकोच. सिरप बाटलीबरोबरच्या मापानेच द्या, घरातला चमचा कधी लहान कधी मोठा. पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या वेळेला औषध द्या, मूल कळवळेपर्यंत थांबू नका.

रात्री दचकून उठणं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत येणं, आईला मारणं, बापाशी न बोलणं, हे चारही घरांत कमी-जास्त झालं. मूल बिघडलं असं कोणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. जे मूल काल झाडावर होतं ते आज शूसाठी हाक मारतंय, राग येणारच. काही आठवड्यांत निवळतं. थोरल्या भावंडांकडेही बघा, घरातलं सगळं लक्ष एकीकडे गेलं की ती गप्प होतात.

मासे बंद करू नका

आपल्याच घरांत ही गंमत आहे. मासे खाल्ले की जखमेत पू होतो म्हणून मासेमाराच्या पोराला महिनाभर वरण-भात. पू जंतूंनी होतो, बांगड्याने होत नाही. उलट जखम आणि हाड भरायला प्रथिनं लागतात, कॅल्शियम लागतं. तारले शिजवून मऊ काट्यासकट दिले तर दोन्ही मिळतं. अंडं, डाळ, दूध, नाचणीचं सत्त्व द्या. पायाचं सूप द्यायचं तर द्या, त्याने अपाय नाही, पण त्याने हाड चिकटतं असं समजून बाकी जेवण सोडू नका. पोटावर प्लास्टर असलेल्या मुलाला एका वेळी थोडंच, दिवसातून पाच-सहा वेळा. पडून राहिलं की शी अडते, म्हणून पाणी भरपूर, पपई, पेरू, भाजी.

बाप दर्यात, आई घरात

आता होडीमालकांसाठी, आणि हा भाग त्यांनी पुरता वाचावा.

बायचे वडील ट्रॉलरवर खलाशी. फेरीला गेले की आठ-दहा दिवस नाहीत. हंगाम ऐन भरात, वाटा गेला तर घर कसं चालणार? आई बाजारात मासळी विकते, तिने बसायचं सोडलं तर रोजची कमाई बंद, आणि बाजारातली जागा दुसरी कोणीतरी धरते. म्हणजे एका हाडाने दोन्ही मिळकती अडवल्या. पहिले तीन आठवडे बाप दर्यात होता. आई आम्हाला म्हणाली, "तो येऊन विचारतो, पोर कशी आहे? मी काय सांगू? तू ये आणि एक रात्र डायपर बदल, मग तुला कळेल." चौथ्या आठवड्यात मालकाने स्वतःहून त्याला दोन फेऱ्या घरी ठेवलं आणि अर्धा वाटा दिला. बाजारातल्या शेजारणीने तिची जागा अडीच महिने राखली, रोज सकाळी तिची पाटी तिथे मांडून. या दोघांनीही हे कोणाला सांगितलं नव्हतं, आम्हाला बाहेरून कळलं.

सगळे मालक असे नाहीत. एका घरात बापाला ओपीडीच्या दिवशीही सुट्टी मिळाली नाही, आणि आई एकटीच तान्हं बाळ आणि फाईल घेऊन दोन बस बदलून गेली, दर आठवड्याला. कारण वाकड्या पावलाचं प्लास्टर दर आठवड्याला बदलतात, पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांना टाचेची शीर कापायचं छोटं ऑपरेशन, शेवटचं प्लास्टर, आणि त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बूट कंटाळून सोडले तर पाऊल परत वळतं. चार वर्षांचं काम आहे हे, एकट्या आईचं नव्हे.

बंदी 1 जून ते 31 जुलै असते. डॉक्टरांनी सळया काढण्यासारखं थांबू शकणारं काम सुचवलं असेल, तर बंदीच्या महिन्यांत तारीख मिळते का, हे जरूर विचारा. मोडलेलं हाड मात्र बंदीची वाट बघत नाही.

खर्चाचं थोडक्यात. गोव्यात किमान 5 वर्षं राहिलेल्या कुटुंबांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड मिळतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख, चार किंवा जास्त असतील तर 4 लाखांचं संरक्षण. नूतनीकरण झालंय का ते आजच कपाटातून काढून बघा, आणि नव्या बाळाचं नाव त्यात आहे का तेही. बाहेरून आलेल्या खलाशांकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते त्यांनी गावी न ठेवता जवळ ठेवावं.

प्लास्टर निघाल्यावर

सगळ्यांना वाटतं, कापलं की पोर धावणार. धावत नाही. पाय बारीक झालेला, कातडी कोरडी, खवले, केस वाढलेले. आई घाबरते. कोमट पाण्यात भिजवून हळूहळू निघू द्या, घासू नका, वरून हलकं तेल चालेल. मूल उभं राहायला तयार होत नाही, ओढून उभं करू नका. बाय नऊ दिवस फळीवरूनच फिरली, दहाव्या दिवशी मांजरामागे उठली. लंगडणं काही महिने राहू शकतं. मोडलेला पाय थोडा जास्त वाढून एखादा सेंटीमीटर लांब होणंही या वयात होतं, म्हणून बरं वाटलं तरी पुढच्या तारखा चुकवू नका.

बायच्या घरच्यांनी चाकांची फळी, जाळ्याच्या दोन उशा आणि बेडपॅन धुऊन संस्थेच्या कार्यालयात आणून दिलं आहे. ज्यांना लागेल त्यांनी घेऊन जावं, भाडं नाही, वहीत नाव लिहावं. मूल हॉस्पिटलात असेल तेव्हा खलाशाचा वाटा कसा राखायचा, हा विषय पुढच्या सभेत चौथ्या क्रमांकावर ठेवला आहे. होडीमालकांनी स्वतः यावं, मॅनेजरला पाठवू नये.